मी पास केलेली पोरगी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. घरी नवरा म्हणतो, तू मास्तरीण झालीस ते बरं झालं, पोलिसात गेली असतीस तर अख्खा जिल्हा गाव सोडून पळाला असता. पण या रागाचा मला मनातून थोडा अभिमानच होता. रागावल्याशिवाय पोरं शिकत नाहीत आणि आईबापही हलत नाहीत, असं माझं पक्कं मत. या रागाने बऱ्याच लेकरांचं भलं केलं, असं मी स्वतःला सांगत आले होते. एका पोरीचं मात्र मी त्याच रागात नुकसान करून बसले. ते कळायला मला अडीच महिने लागले.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापक सरांकडे पहिली ते तिसरी, माझ्याकडे चौथी आणि पाचवी. मी वाशिमहून स्कूटीने येते. गाव लहान, पण पाणी बरं असल्यामुळे दोन्ही अंगांना भाजीचे मळे आहेत. मेथी, पालक, वांगी, आणि सांबार, म्हणजे आमच्या वऱ्हाडातली कोथिंबीर. भाजी उन्हाच्या आधी तोडावी लागते, म्हणून सकाळी गावातली निम्मी घरं कुलूप लावून मळ्यात असतात.

त्यामुळे आमच्या शाळेत एक रीत पडून गेली होती, कुठल्याही परिपत्रकात नसलेली. मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून धाकटं भावंडही वर्गात यायचं. अंगणवाडी तिसऱ्या वर्षानंतर घेते. त्याआधीच्या लेकराला घरी ठेवायचं तर घरी कोणी नाही, आणि मळ्यात न्यायचं तर विहिरी उघड्या. मग ते शाळेत येतं, बहिणीच्या शेजारी बसतं, खडू खातं आणि दुपारी खिचडी खाऊन तिथेच झोपतं. मी आले त्या वर्षी यावरून आरडाओरडा केला होता. पण लेकरू घरी पाठवलं की बहीणही त्याच्या मागे घरी जायची आणि चार दिवस उगवायची नाही. तेव्हा मी मुकाट्याने एक सतरंजी घरून आणली.

ही पोरगी त्या सतरंजीवरचीच. पाचवीत होती, दहा वर्षांची. दोन वर्षांची बहीण तिच्यासोबत यायची. तिला सगळे लहानीच म्हणायचे. पोरगी नेहमी दाराशी बसायची, म्हणजे लहानी रडली की पटकन बाहेर नेता येईल. अर्धं लक्ष तिकडे असूनही तिचं गणित असं की मी फळ्यावर भागाकार मांडेपर्यंत तिचं उत्तर तयार. मी कधी घाईत चुकले तर मोठ्याने सांगायची नाही. दप्तर आवरताना जवळ येऊन हळूच म्हणायची, मॅडम, तो सात पाहा बरं एक डाव. पाहिलं की सात नसायचाच तिथे.

आता नियमाचं सांगते. आधी आठवीपर्यंत कोणी नापास व्हायचं नाही. आता पाचवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, त्यातही गेलं तर परत पाचवीतच बसायचं. मला हा नियम मनापासून आवडला होता. मुलं अभ्यासाला लागतील असं वाटायचं. वर्षभर मी दर दोन दिवसांनी वर्गात बोट नाचवून सांगायचे की नापास झालात तर आणखी एक वर्ष इथेच, याच खोलीत, माझ्यासमोर बसावं लागेल. बाकीची पोरं घाबरायची. दाराशी बसलेल्या एका पोरीने मात्र ते वाक्य नीट ऐकून ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती तेव्हा परीक्षा झाली. गणिताच्या पेपरला तिने पहिले दोन प्रश्न सोडवले, पेन ठेवलं आणि लहानीचं नाक पुसत बसली. मला वाटलं, उन्हाचं बरं नसेल. पेपर तपासायला घेतले तर पन्नासपैकी आठ. परिसर अभ्यासातही सात. बाकी पानं स्वच्छ. जी पोरगी माझ्या चुका काढते, तिचा पेपर कोरा. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि तोंडाला येईल ते बोलले. डोक्यात हवा गेली का, मस्ती आली का, तुझ्यापेक्षा ती लहानी बरी लिहील. ती खाली बघत उभी होती. रडली नाही आणि एक शब्द बोलली नाही, त्यामुळे मी आणखी भडकले.

सरांचा सूर वेगळा होता. त्यांच्या एवढ्या नोकरीत एकही मूल नापास झालं नव्हतं, आणि एक मूल मागे राहिलं की दहा कागद लिहावे लागतात. ते म्हणाले, थोडं सांभाळून घ्या, मार्क वाढवून टाका. मी म्हटलं, मुळीच नाही, मी तिला शिकवून पास करीन. सर हसले.

मे महिनाभर मी सुट्टीतही गावात आले. सकाळी आठ ते दहा. ती यायची, लहानीला घेऊन. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की हिला शिकवायला काही उरलेलं नाही, सगळं येतंय. मग लिहिलं का नाहीस, म्हणून मी खडसावलं तर म्हणाली, असंच. रोज विचारायचे, रोज तेच उत्तर. आता आठवलं की वाटतं, आवाज खाली आणून एकदा जरी विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण आवाज खाली आणणं मला जमत नव्हतं.

जूनच्या परीक्षेला मी तिच्या पुढ्यातच खुर्ची टाकून बसले. तिने दोन प्रश्न सोडवून पेन ठेवलं. मी म्हटलं, सगळा पेपर झाल्याशिवाय इथून उठायचं नाही, दिवसभर बसावं लागलं तरी चालेल. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग लिहायला लागली. अर्ध्या तासात पेपर संपवला. एका पानावर ओलं झालं होतं, अक्षर फुटलं होतं. मला तो घाम वाटला. गणितात पन्नासपैकी सत्तेचाळीस पडले, परिसर अभ्यासातही तसेच. मी स्वतःच्या पैशाने पेढे आणले. तिच्या बापाला बोलावून सर्वांसमोर दाखला हातात दिला. त्याने हात जोडले. लहानीने दोन पेढे खाल्ले. मला इतका आनंद झाला होता की संध्याकाळी घरी भजी केली.

सहावीसाठी शेजारच्या मोठ्या गावी जावं लागतं. शिरपूरहून येणारी बस सव्वानऊला फाट्यावर थांबते, मुलींना पास फुकट आहे. मी दहाच्या सुमारास येते, त्यामुळे बसची पोरं मला दिसत नाहीत. ती जात असेल हे मी गृहीतच धरलं होतं.

शाळा उघडून पंधरा दिवस झाले असतील. एक दिवस सांबार घ्यायला म्हणून मी मळ्यापाशी स्कूटी थांबवली. बांधावरच्या निंबाखाली पोरगी बसली होती. मांडीवर लहानी झोपलेली, आणि ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी विचारलं, शाळेत काहून नाही गेली? ती म्हणाली, "लहानीले कोन पाहीन?"

मी म्हटलं, मग इतके दिवस कसं चालत होतं?

"इथं तुमी तिले बसू देत होत्या. तिथं नाई बसू देत." मग जुडीला गाठ मारत, अगदी सहज, ती पुढे बोलली. "मी नापास झाली असती तं यंदा इथंच बसली असती. पुढच्या वर्सी लहानी अंगणवाडीत गेली असती, आन् मी सहावीत."

म्हणजे तिने सगळा विचार करून ठेवला होता. एक वर्ष मागे राहायचं, लहानीला तीन वर्षांची होऊ द्यायचं, मग दोघींचीही सोय होते. दहा वर्षांच्या पोरीला शाळा सोडायची नव्हती, आणि न सोडण्याची एकच वाट तिला सापडली होती. ती वाट मी पुढ्यात खुर्ची टाकून बंद केली होती. मी कसंबसं विचारलं की मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुमी लय रागावल्या होत्या."

त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. घरी गेले तेव्हा माझी मुलगी व्हॅनमधून उतरत होती. तीही दहाचीच. तिला भागाकार येत नाही म्हणून आम्ही शिकवणी लावली आहे आणि ती शिकवणीला जायचा कंटाळा करते. त्यात तिचा काय दोष. पण मला फार लाज वाटली, आणि ती कोणाला सांगावी हेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, त्या पोरीला परत पाचवीत घेऊ. सर माझ्याकडे बघतच राहिले. दोन-अडीच महिन्यांपूर्वी हीच बाई मार्क वाढवू देत नव्हती आणि आता पास झालेल्या पोरीला नापास करा म्हणत होती. त्यांनी समजावून सांगितलं की दाखला गेला, ऑनलाइन नोंद सहावीची झाली, पास झालेलं मूल मागे आणायची सोय कुठेच नाही. मला रडू आलं. सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मग मी तिच्या घरी गेले, भांडायच्या तयारीनेच. बाप नुकताच मोटरसायकलवरून बाजारातून आला होता. दुपारचे बारा वाजले होते. मी विचारलं, एवढा उशीर? त्याने जे सांगितलं ते मला एवढी वर्षं इथे येऊन माहीत नव्हतं. त्याची भाजी शिरपूरला जाते. तिथल्या जैन तीर्थाच्या देवळाबाजूची जैन दुकानदारांची घरं, यात्रेकरूंची जेवणं, तिथे पालेभाजी हातोहात खपते आणि तो नऊच्या आत घरी असतो. पण चातुर्मास लागला की त्या घरांत पालेभाजी खात नाहीत. आषाढापासून चार महिने त्याला ती वाशिमला न्यावी लागते, तिथे गर्दीत बसून विकावी लागते, आणि परत यायला दुपार होते. नेमकी शाळा उघडते तेव्हाच घर रिकामं पडतं.

तिची आई सूप बाजूला ठेवून म्हणाली, "इहिरीले कठडा नाई, मॅडम. एक डोया लेकरावर आन् एक भाजीवर, असं होत नाई."

माझं भांडण तिथेच ढिलं पडलं. तरी मी बापाला म्हटलं की एवढ्या हुशार पोरीची शाळा बंद कशी होऊ दिली. तो ओशाळला. म्हणाला, "तुमी पेढे वाटले, मले वाटलं झालं तिचं. मी चवथी शिकलो, ते माह्यापेक्षा एक पुढं गेली." मग, पाठवायला ना नाही, पण हे चार महिने कसं करायचं तेवढं सांगा, असं त्याने अगदी सरळपणे विचारलं.

खरं तर याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मला गप्प बसता येत नाही. मी म्हणून गेले की लहानीला माझ्याकडे द्या, शाळेत, मी नऊला येत जाईन. तिची आई माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मीच लहान लेकरू आहे आणि विहिरीकडे निघाले आहे. पोरगी चुलीजवळ उभी होती. तिने एकदम वर पाहिलं. त्या नजरेनंतर मला माघार घेणं शक्य नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नियम ऐकवला. पटावरच्या बहिणीसोबत आलेलं लेकरू वेगळं, आणि जिचं इथे कोणीच शिकत नाही असं लेकरू वेगळं. तपासणीला कोणी आलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, मी बघते. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या घरून एक लहान उशी आणली आणि मला म्हणाले की ही मी आणलेली नाही.

पोरगी बसला निघाली त्या दिवशी मी पावणेनऊलाच फाट्यावर पोचले. गणवेश जुनाच होता, आईने कमरेला उसवून दिलेला. तिने लहानीला माझ्या कडेवर दिलं आणि बस दिसेपर्यंत मला सूचना देत राहिली. खिचडीतली मिरची काढायची. पाणी वाटीनेच पाजायचं, गिलास पाडते. पायावर थोपटलं तरच झोपते. आमची बदली झाली की आम्ही पदभार देतो, सह्या घेतो, पण इतका नीट पदभार मी कधी दिला नाही. बस थांबली तेव्हा पायरीवरून वळून ती म्हणाली, "मॅडम, शू लागली का ते कान धरते. बोलत नाई." बस गेली आणि लहानीने असं भोकाड पसरलं की फाट्यावरचा चहावाला बाहेर आला.

पहिला आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. लहानीला कडेवर घेऊन अपूर्णांक शिकवले. तिने मला दोनदा चावलं. लहानीला पाठीवर कसं घ्यायचं ते पाचवीच्या पोरींनी मला शिकवलं, स्वतःच्या पोरीच्या वेळी हे सगळं सासूने केलं होतं. हळूहळू ती रमली. माझा आवाज चढला की ती दचकून रडायची, म्हणून मला आवाज खाली ठेवावा लागायचा. एवढ्या वर्षांत नवऱ्याला जे जमलं नाही ते तिने दोन महिन्यांत केलं.

श्रावणात एक साहेब भेटीला आले. त्यांनी पट तपासला, डोकी मोजली आणि एक डोकं जास्त भरलं. ही कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लहानीने कान धरला. मी साहेबांना तसंच सोडून तिला उचलून बाहेर धावले. परत आले तर साहेब शेरेबुकात लिहीत होते की वर्गात अपात्र वयाचे बालक आढळले, खुलासा द्यावा. मी रागाच्या भरात दोन पानी खुलासा लिहिला. त्यात विहीर, चातुर्मास, पाचवीचा नियम, सगळं घातलं. सरांनी तो वाचला, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि दुसरा लिहिला की सदर बालक चुकून वर्गात आले होते. ते चुकून पुढे दिवाळीपर्यंत येत राहिलं. दिवाळीनंतर बाप पुन्हा नऊच्या आत घरी यायला लागला.

मला वाटलं होतं, पोरगी सहावीतही पहिली येईल. मी मनात तिला डॉक्टरसुद्धा करून टाकलं होतं. निकालाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्या शाळेत गेले. तिला अठ्ठावन्न टक्के होते. वर्गशिक्षिका तरुण होती, साठ पोरांच्या गराड्यात दमलेली. ती म्हणाली, "साधारण आहे हो मुलगी. गैरहजेरी फार, आणि वर्गात पेंगते." माझं डोकं फिरलं. ही पहाटे चारला उठून भाजी तोडते, मग बस पकडते, घरी जाऊन लहानीला सांभाळते, आणि तुम्ही म्हणता साधारण. सगळं ओठांवर आलं होतं. पण एका एप्रिलमध्ये मी काय काय बोलले होते तेही आठवलं. त्या बाईला जेवढं दिसलं तेवढं तिने सांगितलं होतं, मला तर पोरगी रोज दाराशी बसलेली दिसत असूनही काही दिसलं नव्हतं. मी तिला हळू आवाजात सांगितलं, जमेल तेवढंच. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर पोरगी निकालपत्र घेऊन बसची वाट बघत होती. उंच झाली होती, गणवेश आता पोटऱ्यांच्या वर गेला होता. मी तिच्या शेजारी बसले. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं की मार्क कमी पडले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू. ती माझ्याकडे जरा नवलाने बघू लागली. तिला वाईट वाटलेलंच नव्हतं. निकालपत्राची नीट घडी करून तिने दप्तरात ठेवली आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "पास तं झाली ना, मॅडम. इथं पास झालं तरी शाळा सुटत नाई. दहावीपरेंत हाये."